घर तापवणारी अंगणातली भट्टी का धुमसते, आणि त्यावर काय करता येतं

घराबाहेर उभी असलेली, लाकडावर पाणी तापवणारी भट्टी रचनेनं अगदी साधी असते. पत्र्याच्या खोपटात एक पोलादी पेटी, पेटीभोवती पाण्याचं कवच, वर धुराडं आणि जमिनीखालून घरापर्यंत गेलेले दोन पाइप. एकातून गरम पाणी जातं, दुसऱ्यातून थंड झालेलं परत येतं. घरात ते पाणी रेडिएटरमधून, फरशीखालच्या नळ्यांतून किंवा गरम हवेच्या डक्टमधल्या कॉइलमधून फिरतं. पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचलं की अ‍ॅक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) आगीला हवा देणारी झडप आणि पंखा बंद करतो, ७४-७५ वर उतरलं की पुन्हा चालू करतो.

सगळी गोम या 'बंद'मध्ये आहे. हवा तुटली म्हणून आग विझत नाही, ती धुमसत राहते. लाकडातून धूर आणि वाफ निघत राहते, पण ती जाळायला ना पुरेशी हवा असते ना पुरेशी आच. भोवतीच्या भिंती पाण्यामुळे ऐंशी अंशांच्या फारशा वर जात नाहीत, म्हणजे आगीच्या मानानं गारच. त्या भिंतींवर धूर थिजतो आणि डांबर होऊन चिकटतो. धुराचे लोट, चिकट काळे थर, पत्रा खाणारा गंज, ढिगानं संपणारं लाकूड या चार वेगवेगळ्या तक्रारी वाटतात, पण चारहींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. तिथं मोठा पंखा बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धुमसण्याचा वेळ कमी कसा होईल, हे आधी पाहायचं.

लाकूड

नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता असते. २० टक्के ओलावा असेल तर हाती १४-१५ मेगाज्यूल लागतात, ५० टक्के असेल तर जेमतेम ८. म्हणजे ओल्या लाकडाची तेवढीच गाडी ओढायची, फोडायची, रचायची आणि ऊब मात्र निम्मी. शिवाय ते पाणी वाफ होताना आगीची आच खातं आणि धुराड्यातल्या धुरात भर घालतं.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर स्वस्तात मिळतं, पण ते वापरण्यात दोन गफलती होतात. पहिली, ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूवर मोजणं. तिथं नेहमी कमी आकडा येतो. ओंडका मधोमध फोडा आणि ताज्या फोडलेल्या बाजूवर, मध्यभागी, सुया रेषांच्या दिशेनं दाबा. दुसरी, आकड्याचा अर्थ. बहुतेक मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून टक्के दाखवतात. त्यावर २५ आले तर एकूण वजनात पाणी २० टक्के आहे, आणि तेवढं चालतं. गोठलेल्या लाकडावर मोजू नका, आकडा फसवा येतो.

फोडी १० ते १५ सेंटिमीटर जाडीच्या ठेवा. दार मोठं आहे म्हणून अख्खा ओंडका ढकलायचा मोह अनेकांना होतो. तो वाळतही नाही आणि धड जळतही नाही. रास जमिनीपासून उचललेली हवी आणि फक्त वरून झाकलेली. बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच राहते. मऊ लाकूड एका उन्हाळ्यात तयार होतं, ओकसारख्या घट्ट लाकडाला दोन वर्षं धरून चला. रंग दिलेलं, रसायन पाजलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आणि समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड भट्टीत नकोच. त्यातल्या क्लोरीनमुळे आणि इतर रसायनांमुळे पोलाद झपाट्यानं खाल्लं जातं आणि धूर विषारी होतो.

भरतानाही हिशेब असावा. कडाक्याच्या थंडीत १२ तास पुरेल एवढं भरणं ठीक. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, जेव्हा घराला थोडीच ऊब लागते, तेव्हा तोंडापर्यंत भरलेली पेटी दिवसभर धुमसत बसते. अशा दिवसांत अर्धीच भरा, आणि अ‍ॅक्वास्टॅटमधला चालू-बंदचा फरक ४-५ अंशांवर असेल तर ८ ते १० करा. फेऱ्या कमी होतात आणि प्रत्येक फेरीत आग धड पेटते.

परत येणारं पाणी

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नुकसान सगळ्यात जास्त इथंच होतं. फरशीखालच्या नळ्यांतून पाणी तीस-पस्तीस अंशांवर परत येतं. ते थेट भट्टीत शिरलं की त्या भागातली भिंत गार पडते आणि धुरातली वाफ तिच्यावर पाणी होऊन घळघळते. त्यात अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्ल असतं. भट्टीच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला, जिथं परतीचा पाइप जोडलेला असतो, तिथंच आधी भोक पडतं ते यामुळे.

परतीच्या पाइपवर भट्टीजवळ एक थर्मामीटर बांधा. भट्टी चांगली तापलेली असतानाही आकडा ५५ च्या खाली राहत असेल तर तीन तोंडांचा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायला हवा, ६० अंशांचा. तो गार परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळून मगच ते भट्टीत सोडतो. जोडणी अशी: पुरवठ्याच्या पाइपला टी (तीन फाट्यांचा जोड) घालून एक आडवाट व्हॉल्व्हच्या गरम तोंडाला आणायची, घराकडून येणारं पाणी गार तोंडाला, आणि मिसळलेलं पाणी भट्टीत. पंप भट्टी आणि त्या टीच्या मधल्या भागात हवा. टीच्या पलीकडे घराच्या बाजूला बसवला तर गार तोंड बंद असताना पाणी फिरणारच नाही आणि भट्टी उकळेल. व्हॉल्व्हवरचे बाण नीट पाहून बसवा. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी बरोबर दिसतो.

गळती की घाम?

गार भट्टी पेटवली की पहिल्या काही तासांत तळाशी पाणी साचतं. बहुतेक वेळा तो नुसता घाम असतो. पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्या, तिथं एक दिवस राहू द्या. ओल आटली तर प्रश्न मिटला. तरीही थेंब येत असतील तर पीएच तपासायची कागदी पट्टी वापरा. भिंतीवरून ओघळणारा थेंब थेट पट्टीवर घ्या. धुराचं पाणी आम्ल असतं, पट्टी ३ ते ५ च्या रंगाकडे झुकते. भट्टीतलं गंजरोधक औषध घातलेलं पाणी अल्कधर्मी असतं, ९ च्या आसपास. राखेत साचलेलं पाणी मात्र तपासू नका. राख स्वतःच अल्कधर्मी असते, त्यामुळे पट्टी घामालाही गळती ठरवून मोकळी होते. ज्यांच्या पाण्यात नायट्राइटचं औषध आहे त्यांच्याकडे नायट्राइटच्या पट्ट्या असतातच. त्यावर रंग उमटला तर गळती पक्की.

रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं

दार उघडण्यापासून सुरुवात करू, कारण भाजण्याचे प्रसंग तिथंच येतात. धुमसणाऱ्या पेटीत न जळलेला वायू कोंडलेला असतो. दार एकदम उघडलं की हवा शिरते आणि भडका बाहेर येतो. आधी पंखा बंद करा, दार दोन-तीन सेंटिमीटर किलकिलं करून अर्धा-एक मिनिट थांबा, बिजागरीच्या बाजूला उभं राहा, मग पूर्ण उघडा. निखारे लांब दांड्याच्या फावड्यानं सारखे पसरवा आणि हवेच्या भोकांकडे ओढा. त्याच वेळी पाण्याची पातळी पाहून घ्या.

आठवड्यातून एकदा राख काढायची, पण सगळी नाही. तळाशी तीन-चार सेंटिमीटरचा थर निखारे जिवंत ठेवतो. त्याहून जास्त झाली की हवेची भोकं बुजतात आणि मग माणूस पंख्याला दोष देत बसतो. भोकांतून सळई फिरवून घ्या. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून आणि लाकडाच्या राशीपासून दूर, कितीही गार वाटली तरी. आतला निखारा कित्येक दिवस तग धरतो.

हवेच्या झडपेला बोट लावून पाहणं हे काम दहा सेकंदांचं आहे. डांबरानं चिकटून ती अर्धवट उघडी राहिली तर पंखा बंद असूनही आग चालू राहते, पाणी नव्वदी ओलांडतं आणि व्हेंटमधून (पाण्याच्या कवचाच्या उघड्या नळीतून) वाफ जाते. वीज बंद करून झडप हातानं उघडा-मिटा. ती स्वतःच्या वजनानं पूर्ण बसली पाहिजे. कडा खरवडून कोरड्या फडक्यानं पुसा. तेल लावू नका, त्यावर काजळी आणखी धरते.

झडप ठीक असूनही पंखा थांबल्यावर पाणी ५-६ अंशांहून जास्त वर जात असेल तर संशय दाराच्या दोरीवर, म्हणजे दाराच्या कडेनं खाचेत बसवलेल्या, फट बुजवणाऱ्या दोरीवर. गार भट्टीत कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट अडकली पाहिजे. दाराच्या चारही बाजूंना आठ-दहा ठिकाणी हे करा. एखाद्याच जागी सैल असेल तर आधी बिजागरी किंवा कडी आवळून पाहा. सगळीकडे सैल असेल, किंवा दोरी काचेसारखी कडक झाली असेल, तर बदला. खाचेतली जुनी दोरी आणि सिमेंट तारेच्या ब्रशनं पूर्ण साफ करा, जुन्याच जाडीची दोरी घ्या, उच्च तापमानाच्या सिलिकॉनची पातळ रेघ खाचेत ओढा आणि दोरी न ताणता बसवा. ताणली की ती बारीक होते आणि कागद पुन्हा सुटतो. सांधा सरळ बाजूवर घ्या, कोपऱ्यात नाही. टोकं एकमेकांवर चढवू नका, नुसती भिडवा. दार लावून एक दिवस राहू द्या.

महिन्यातून एकदा धुराड्यात ब्रश फिरवा. टोपीला जाळी असेल तर ती आधी पाहा, बहुधा तीच कोंदलेली असते. धुराड्याच्या मुळाशी सुईचा थर्मामीटर बसवून ठेवला तर ब्रश कधी फिरवायचा हे तोच सांगतो. जोरात जळताना १५० ते २५० अंश असेल तर बरं चाललंय. पूर्वी २०० दाखवणारा काटा त्याच आगीत २७० वर जायला लागला तर आतल्या भिंतींवर काजळीचा थर बसलाय आणि ऊब आकाशात चालली आहे. जोरात जळतानाही काटा १२० च्या खाली असेल तर धुराड्यात डांबर साचतंय. त्या डांबरानं पेट घेतला तर धुराडं लालबुंद होतं. अशा वेळी दार आणि हवा बंद करा, पंप चालू ठेवा, पाणी ओतू नका आणि अग्निशमन दलाला बोलवा.

पाणी आणि पाइप

या भट्ट्या बहुतेक उघड्या व्हेंटच्या असतात, दाबाच्या नाहीत. तो व्हेंट कुठल्याही कारणानं बुजवू नका, त्यावर व्हॉल्व्ह बसवू नका. उघडेपणामुळे पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो, म्हणून साध्या पोलादाच्या भट्टीत गंजरोधक औषध लागतंच. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर पीएच आणि औषधाचं प्रमाण तपासा. पीएच साधारण ८.५ ते १० मध्ये हवा. औषधाचा आकडा त्या औषधाच्या डब्यावर असतो. दोन कंपन्यांची औषधं एकमेकांत मिसळू नका. पाणी वरचेवर घालावं लागत असेल तर औषध वाढवत बसण्यापेक्षा ते जातंय कुठं ते शोधा: गळती, नाहीतर उकळणं. पातळी फार खाली गेलेल्या तापल्या भट्टीत गार पाणी कधीच सोडायचं नाही. वेल्ड तडकतात.

जमिनीखालची लाइन अनेक ठिकाणी सगळ्यात मोठी चोर असते. हिशेब करून पाहा. ३० किलोवॅटची भट्टी, जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक, म्हणजे मिनिटाला ४३ लिटर प्रवाह. एवढ्या प्रवाहात भट्टीपासून घरापर्यंत फक्त १ अंश उतरला तर ३ किलोवॅट मातीत गेले. दिवसाचे ७२ युनिट, म्हणजे वाळलेलं लाकूड पंचवीस किलोच्या घरात, रोज! आणि हा एकाच पाइपचा आकडा. चांगल्या, कारखान्यातूनच फोम भरून आलेल्या पाइपच्या छोट्या लाइनीत हा फरक साध्या थर्मामीटरला कळतही नाही. म्हणून मोजताना दोन्ही टोकांना एकच थर्मामीटर वापरा, दोन थर्मामीटरांचं आपसातच एका अंशाचं भांडण असतं. लाइनीवरचा बर्फ पट्ट्यासारखा वितळत असेल तर मोजण्याचीही गरज नाही. नळीत सैल कोंबलेलं, फुग्यांच्या कागदात गुंडाळलेलं इन्सुलेशन पाणी शिरलं की संपलं. ते दुरुस्त होत नाही, लाइन बदलावीच लागते.

त्याच प्रवाहाला २५ मिलिमीटरचा पेक्स (प्लास्टिकचा) पाइप अपुरा पडतो. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो आणि पंप कितीही मोठा लावला तरी घरघर करत बसतो. ३२ चा घ्या, अंतर जास्त असेल तर ४० चा. पंप भट्टीजवळ, पाण्याच्या पातळीच्या खाली, आस आडवा ठेवून बसवा आणि दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह द्या. म्हणजे ऐन थंडीत पंप बदलताना अख्खी भट्टी रिकामी करावी लागणार नाही. उंचावर बसवलेल्या पंपात गरम पाण्याचे बुडबुडे होतात, खडखड ऐकू येते आणि पंपातलं चाक झिजतं. घरात प्लेटचा हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता एका पाण्याची ऊब दुसऱ्याला देणारं साधन) असेल तर त्याच्या आधी गाळणी लावा. प्लेटांमधली फट दोन-तीन मिलिमीटरचीच असते. ती कोंदली तर एक्स्चेंजर लाइनीतून सोडवून लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, कोमट पाणी, उलट्या दिशेनं दोनेक तास फिरवा आणि स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा.

वीज गेली तरी पंप फिरत राहील अशी सोय ठेवा. पंपाला फारशी वीज लागत नाही, इन्व्हर्टर पुरतो. बाहेर शून्याखाली असताना आग नसली तरी पंप थांबवायचा नाही, नाहीतर पाइप गोठतात.

बदल करायचे असतील तर

आधी एक लक्ष्मणरेषा: पाण्याच्या कवचाला ड्रिल किंवा वेल्डिंग लावायचं नाही. आणि ज्या भट्टीत ज्वाला खाली ओढून विटांच्या कक्षात जाळतात तिला हातच लावू नका. अमेरिकेत १५ मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या भट्ट्यांना दर दहा लाख बीटीयू (उष्णतेचं तिथलं एकक) उष्णतेमागे धुरातल्या ०.१० पौंड कणांची मर्यादा आहे. तिथल्या नव्या भट्ट्यांचं सगळं गणित त्या आकड्यावर बेतलेलं असतं. एक भोक वाढवलं तरी बिघडतं, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. पुढचं सगळं जुन्या, साध्या पेटीच्या भट्टीसाठी.

स्वस्त आणि परतवता येणारा बदल म्हणजे अग्निविटा. २३ बाय ११.५ सेंटिमीटरच्या, तीन सेंटिमीटर जाडीच्या विटा पेटीच्या भिंतींना उभ्या लावायच्या, सिमेंटशिवाय, नुसत्या अडकवून. हवेची भोकं मोकळी ठेवा. निखाऱ्यांचा थर विटांमध्ये राहिला की पाण्याच्या भिंती त्याची आच लगेच ओढून घेत नाहीत, आणि धूर तिथंच बराचसा जळतो. थोडी ऊब धुराड्याकडे जास्त जाते. आठवडाभर धुराड्याचा थर्मामीटर पाहा. ५० अंशांहून जास्त वाढ झाली तर निम्म्या विटा काढा.

धूर जाळायला वरून दुय्यम हवा सोडायच्या नळ्यांबद्दल खूप बोललं जातं. धुरातला न जळलेला वायू पेटायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाण्यानं गार राहणाऱ्या पेटीत ते बहुतेक वेळा नसतंच, मग ती हवा आग आणखी गार करते. विटा नसतील तर या भानगडीत पडू नका. विटा असतील तर दारातून, मुख्य झडपेबरोबरच बंद होईल अशा रीतीनं हवा द्या. वेगळं उघडं भोक ठेवलं तर भट्टी उकळलीच म्हणून समजा.

धुराडं उंच केल्यानं धूर शेजाऱ्याच्या खिडकीऐवजी वर जातो, एवढाच त्याचा उपयोग. दुहेरी भिंतीचे, इन्सुलेशनचे स्टेनलेस तुकडे वापरा. एकेरी पत्र्यात धूर वाटेतच थिजतो. छपराच्या वर दीड मीटरपेक्षा जास्त गेलं तर ताण द्या.

पैसे आणि जागा दोन्ही असतील तर मात्र बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवणारी मोठी टाकी. धुमसण्यावरचा खरा तोडगा तोच आहे, कारण टाकी असली की भट्टीला मध्येच थांबावंच लागत नाही. ती एकदा पेटते, पूर्ण जोरानं जळते, संपते. १००० लिटर पाणी ५५ वरून ८५ अंशांवर नेलं की ३५ युनिट ऊब साठते, म्हणजे साधारण बारा-तेरा किलो वाळलेलं लाकूड. किलोवॅटमागे किमान ५० लिटर धरा: ३० किलोवॅटला १५०० लिटर. मग लाकूड भरताना टाकीत किती जागा आहे ते पाहून भरायचं. पाणी २० वरून ९० अंशांवर जाताना साडेतीन टक्के फुगतं, १५०० लिटरमागे सुमारे ५० लिटर. तेवढी मोकळी जागा व्हेंटच्या बाजूला नसेल तर टाकीबरोबर तीही वाढवावी लागते.

हंगाम संपल्यावर

भट्टी विझल्यावर त्याच आठवड्यात साफ करा, पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका. राखेतले क्षार उन्हाळ्यातली दमट हवा ओढून घेतात आणि ओली राख पत्रा खात बसते. शेवटच्या दिवशी वाळलेल्या लाकडाचा एक जोरदार जाळ करा, डांबर सुकून पापुद्रे सुटतात आणि खरवडणं सोपं जातं. कोपऱ्यांतली, वेल्डच्या कडेची राख ब्रशनं काढा. धुराड्याचं तोंड झाका, दार किलकिलं ठेवा. पाणी सोडू नका; रिकाम्या कवचात हवा शिरली की आतून गंज धरतो. औषधाचं प्रमाण तपासून कवच पूर्ण भरलेलंच ठेवा, आणि महिन्यातून एकदा तासभर पंप फिरवा, म्हणजे तो जाम होणार नाही.